अंधारात सुटलेला चेंडू

सौजन्या नायडू घरी आली त्या दुपारी दिगंबर लोणारे टीव्हीचा आवाज बंद करून बास्केटबॉलचा सामना बघत होते. ही सवय त्यांना अलीकडच्या काही वर्षांत लागली होती. हल्ली चेंडूत चिप असते, कोर्टाच्या फळ्यांखाली दाब मोजणारी यंत्रं असतात, छताला कॅमेरे असतात. कुणाचा पाय रेषेवर पडला, कुणाचं कोपर कुणाला किती जोरात लागलं, सगळं यंत्रच सांगतं. पंचांच्या कानात मण्याएवढं काहीतरी बसवलेलं असतं. त्यात निकाल येतो आणि पंच हात वर करतो. दोन पंच मधल्या वर्तुळाशी येऊन तोंडावर हात धरून कुजबुजतायत आणि सगळं सभागृह श्वास रोखून त्यांच्याकडे बघतंय, हे दृश्य लोणारे सरांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काका, ओळखलंत का? मी नायडूंची सौजन्या."

सरांनी चष्मा वर केला. पंचेचाळिशीची, केसांत पांढरी बट असलेली बाई दारात उभी होती. पण हनुवटी नायडूची होती. समोरच्याने अजून काही म्हटलेलं नसताना "नाही" म्हणायच्या तयारीत असलेली ती हनुवटी.

"बस," ते म्हणाले. "नायडू बरा आहे ना?"

"नान्ना बरे आहेत. ऐकू कमी येतं आता. पण त्यांचं ते एक वाक्य काही थांबलेलं नाही. 'मी ऐकलं होतं.' माझ्या लहानपणापासून चाललंय."

सरांच्या पत्नी कुमुदताई पाण्याचा पेला घेऊन बाहेर येत होत्या. त्या दाराशीच थबकल्या. कुठल्या वाक्याबद्दल बोलणं चाललंय हे त्या घरात कुणालाही विचारावं लागत नव्हतं.

लोणारे गणिताचे शिक्षक, रामकृष्ण नायडू रेल्वेत तिकीट तपासनीस. दोघे नागपूरचे. पंधरा वर्षं दोघांनी जोडीने पंचगिरी केली. शनिवारी शाळा सुटली की नायडूची स्कूटर फाटकाशी उभी असायची. पुलगाव, आर्वी, यवतमाळ, चंद्रपूर. कुठे सिमेंटचं कोर्ट, कुठे शेणाने सारवलेलं. आणि जिथे जावं तिथे नियमपुस्तक लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल असं काहीतरी घडायचं. आर्वीला एकदा कोर्टावर झुकलेल्या कडुलिंबाच्या फांदीत चेंडू अडकला, खेळाडू वर बघत उभे राहिले, आणि वाऱ्याने फांदी हलली तसा तो सरळ बास्केटमध्ये पडला. चंद्रपूरला एका पोराचा बूट पायातून निसटून उडाला आणि रिंगकडे निघालेल्या चेंडूवर आदळला. आता बूट हा खेळाडूच्या शरीराचा भाग धरायचा की नाही?

नियमपुस्तकात एक कलम होतं. या नियमांत ज्याचा उल्लेख नाही त्याबद्दल मुख्य पंचाने निर्णय द्यावा. सर म्हणायचे की खरं पुस्तक त्या एका कलमात आहे, बाकीची पानं त्याची प्रस्तावना. निर्णय तर मैदानावर देऊन टाकावाच लागे, पण वाद परतीच्या वाटेवर चाले. बुटीबोरीच्या टपरीवर चहा थंड होईपर्यंत दोघे भांडायचे. बुटावर तर ते दोन पावसाळे भांडले.

मग १९९८ च्या डिसेंबरात तो सामना झाला.

राज्य अजिंक्यपदाचा मुलींचा अंतिम सामना, नागपूर विरुद्ध वर्धा. जागा होती पत्रा हॉल. मूळचं ते कापसाचं गोदाम. वर उतरतं पत्र्याचं छप्पर, भिंती उघड्या विटांच्या, आणि चेंडूचा एक टप्पा पडला की चार ऐकू यायचे. नागपूर एका गुणाने पुढे होतं. घड्याळात तीन सेकंद उरले होते. वर्ध्याच्या छाया थूल नावाच्या सडपातळ मुलीने कोपऱ्यातून उडी घेतली, चेंडू तिच्या बोटांतून सुटला, आणि दिवे गेले.

लोणाऱ्यांनी शिट्टी वाजवली. त्यांच्या हातात तेवढंच होतं. अंधारात धडपड झाली, कुणी किंचाळलं, चेंडू कुठेतरी टपटपला. दिवे लगेच परत आले, तेव्हा चेंडू बास्केटखाली घरंगळत होता.

नियम असा की चेंडू हातातून सुटलेला असेल तर शिट्टी वाजली तरी तो जिवंत राहतो. जाळीतून पडला तर बास्केट धरायचा. प्रश्न एवढाच होता, की तो पडला का?

दोघे मधल्या वर्तुळाशी आले.

"दिगू, बास्केट आहे," नायडू म्हणाला. तो त्याच बास्केटखाली उभा होता. "मी जाळी ऐकली."

"पाहिलीस?"

"अंधारात काय पाहीन बे? माह्या डोक्यावर वाजली. ऐकली."

"पंचाने पाहिलं तेवढंच घडलं, नायडू. आज ऐकून बास्केट दिला तर उद्या वास आला म्हणून द्यावा लागेल."

मुख्य पंच म्हणून सरांनी निर्णय दिला. बास्केट नाही. वर्ध्याने बाजूने चेंडू आत टाकून उरलेले तीन सेकंद खेळावेत. वर्ध्याची पुढची फेक हुकली. नागपूर एका गुणाने जिंकलं.

भांडण असं झालंच नाही. कपडे बदलताना नायडू एवढंच म्हणाला, "माह्या कानाची तू वासाशी बरोबरी केली." पुढच्या शनिवारी शाळेच्या फाटकाशी स्कूटर नव्हती. नंतर लग्नांत आणि अंत्ययात्रांत दोघे भेटत राहिले, "बरं आहे ना?" म्हणत राहिले. कडुलिंबाची फांदी, उडालेला बूट, याबद्दल बोलायला दोघांनाही दुसरं कुणी उरलं नाही.

"काका, आता ते कळू शकतं," सौजन्या म्हणाली.

नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत ती जुन्या ध्वनिमुद्रणांवर काम करत होती. तिने कुमुदताईंच्या हातातला पेला घेऊन टेबलावर ठेवला आणि चमच्याने त्याला टिचकी मारली.

"हा आवाज तुमच्या कानात एकदाच आला असं तुम्हाला वाटतं. खरं तर तो थेट आला, मग या भिंतीवर आपटून आला, मग छतावरून, मग त्या कपाटावरून. प्रत्येक वेळी किंचित उशिरा. एका सेकंदाचे हजार भाग केले तर एका भागात आवाज साधारण फूटभर जातो. म्हणजे किती उशीर झाला ते मोजलं, की किती लांबून आला ते कळतं. पेला मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला असता तर सगळे प्रतिध्वनी वेगळ्या अंतराने आले असते. खोलीतल्या प्रत्येक जागेचा असा स्वतःचा ठसा असतो. खोली नीट माहीत असेल, तर एका साध्या टेपवरून कुठला आवाज कुठून आला ते सांगता येतं. आणि कशाचा होता, तेही."

"पण पत्रा हॉल कुठे आहे आता?" सर म्हणाले. "तिथे पार्किंगचा मनोरा झाला."

"हॉल टेपमध्ये आहे. त्या दिवशी समालोचकाचा टेपरेकॉर्डर बॅटरीवर चालत होता. दिवे गेले, टेप नाही थांबली."

या तंत्राचा बोलबाला सरांनी ऐकला होता. सुरुवात एका खाण अपघातापासून झाली. छत आधी कुठे तडकलं ते एका मजुराच्या फोनमधल्या मुद्रणावरून शोधून काढलं आणि पुढचे जीव वाचले. मग लोक माळ्यावरच्या कॅसेटी घेऊन रांगा लावू लागले. एका घरात बारशाच्या कॅसेटमधून, पाळण्याच्या गाण्यामागे, मळा कुणाला द्यायचा हे आजोबा दुसऱ्या खोलीत बोलल्याचं निघालं, आणि सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडं बघणं सोडलं. जे विसरून माणसं नांदत होती ते सगळं आता विचारता येत होतं, म्हणून विचारलं जात होतं. बास्केटबॉलच्या राज्य संघटनेनेही अमृतमहोत्सवानिमित्त जुने वादग्रस्त निकाल तपासायचं ठरवलं होतं. यादीत पहिला सामना तोच होता.

"मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे," सौजन्या म्हणाली. "दिवे गेल्यावर तुम्ही शिट्टी वाजवलीत. कुठे उभे होतात ते ठाऊक आहे. ती शिट्टी आमच्या निःशब्द खोलीत, जिथे प्रतिध्वनीच नाही, तिथे वाजवली की तिचा निव्वळ आवाज मिळेल. टेपवरच्या आवाजातून शिट्टी वजा केली की उरेल तो हॉल. तुमच्याकडे आहे का ती अजून?"

"आहे," सर म्हणाले. "विचार करून सांगतो."

ती गेल्यावर कुमुदताईंनी देवघराच्या खणातून शिट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली. पितळी, आत बुचाचा मणी असलेली.

"मी चुकलो असं निघालं तर?" सरांनी विचारलं.

"निघालं तर त्या दिवशी कळेल. पण दिली नाहीत, तर तुम्ही चुकलात हे मला आजच कळलं."

सर दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन गेले.

निःशब्द खोलीच्या भिंतींना सगळीकडून मऊ कोनांचं अस्तर होतं. सरांनी शिट्टी वाजवली आणि ते दचकले. आवाज ओठांपासून निघाला आणि तिथेच संपला, जणू कुणी तोंडावर उशी धरावी. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकी एकटी शिट्टी ऐकली नव्हती.

निकालाच्या दिवशी सौजन्याने दोघांनाही बोलावलं. सर पोचले तेव्हा नायडू आधीच खुर्चीत बसला होता. खांदे उतरले होते, दोन्ही कानांत यंत्रं होती, पण शर्ट तसाच कडक इस्त्रीचा.

"काऊन बे दिगू," तो जोरात म्हणाला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा. "म्हातारा झाला तू."

"तू काय वयात येऊन राहिलास?"

नायडू हसला. पण लगेच त्याने तोंड फिरवलं. सौजन्याने दोघांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि समोर एक मायक्रोफोन ठेवला.

"निकालाआधी एक गंमत. हॉल आमच्या हाती लागलाय. तुम्ही इथे जे बोलाल ते तिथे बोलल्यासारखं ऐकू येईल. बोला काहीतरी."

नायडूने मायक्रोफोनकडे संशयाने पाहिलं आणि हाक मारली, "दिगू!"

ती हाक विटांच्या भिंतीवर गेली, पत्र्याला लागून खाली आली, मागच्या मोठ्या दारातून अर्धी बाहेर पडली आणि अर्धी परत आली. पत्रा हॉल होता. पाडून तीस वर्षं झालेला, लोखंडी खांबांवर कबुतरं बसणारा, कापसाचा आणि घामाचा वास असणारा पत्रा हॉल. डोळे मिटून त्यांनी टाळी वाजवली. हॉलने ती चार वेळा परत दिली. मग नायडूने टाळी वाजवली. मग दोघे म्हातारे काही न बोलता, शाळेतली पोरं विहिरीत वाकून ओरडतात तशा नुसत्या टाळ्या वाजवत बसले. नायडूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"लाव आता," शेवटी तो म्हणाला.

सौजन्याने पडद्यावर हॉलचं चित्र आणलं. प्रत्येक आवाजाला एकेक ठिपका. छायाच्या बुटाचा फळीवरचा घर्षणाचा आवाज. सरांची शिट्टी. मग चेंडूची रिंगशी धडक. मग एक बारीक "सळ्ळ". मग चेंडूचा जमिनीवर टप्पा.

"हाच!" नायडू ओरडला. "हाच आवाज! जाळी!"

सौजन्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "नान्ना, चेंडू जाळीतून गेलेला नाही. रिंगला लागून बाहेरच्या बाजूने पडला. जमिनीवरचा टप्पा रिंगच्या हातभर पुढे आहे. तीनदा तपासलं. संघटनेला अहवाल असाच जाईल. बास्केट नाही, निर्णय योग्य."

सरांच्या छातीतून कित्येक वर्षांचं ओझं उतरायला हवं होतं. क्षणभर ते उतरलंही. त्यांनी नायडूकडे पाहिलं. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

"मंग मी काय ऐकलं रे?" त्याने विचारलं. आवाज प्रथमच हळू होता. "मी पोरीले सांगत राहिलो, बायकोले सांगत राहिलो. ते काय होतं?"

सर पडद्याकडे वळले. गणिताच्या माणसाला आलेख दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. रिंगच्या धडकेनंतर आणि जमिनीवरच्या टप्प्याआधी एक लहानसा उंचवटा होता. त्याच्यापुढे "इतर" एवढंच लिहिलेलं होतं. तिथे न विचारता उठून जाता आलं असतं. अहवाल त्यांच्या बाजूचा होता.

"हे 'इतर' काय आहे?" त्यांनी विचारलं.

सौजन्याने तो तुकडा वेगळा काढून हळू करून लावला. आधी रिंगचा थरथराट, त्यात मिसळलेली मऊ थाप, आणि तिच्या पाठोपाठ तीच सळसळ.

"हात आहे," ती म्हणाली. "कुणाचा तरी हात रिंगला आणि जाळीला लागलाय. आम्हाला प्रश्न चेंडूचा होता, म्हणून आम्ही..."

"चेंडू तेव्हा कुठे होता?"

तिने दोन ठिपके शेजारी आणले. "रिंगवरच. अजून पडायचा होता."

सर नायडूकडे वळले. "नायडू, तू जाळीच ऐकलीस. बरोबर ऐकलीस. ती चेंडूने हलवली नव्हती, एवढंच."

नायडूने हळूहळू मान वर केली. त्याला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याची हनुवटी पुढे आली.

"हात त्या नागपूरच्या उंच पोरीचा," तो म्हणाला. "तीच होती बास्केटखाली. अंधारातबी उडी मारली तिनं."

"आणि चेंडू रिंगवर असताना बचाव करणाऱ्याने रिंगला हात लावला तर?"

नियम दोघांनाही पाठ होता. तसं झालं तर चेंडू पडो न पडो, बास्केट धरला जातो. सौजन्याला कळेना. चेंडू गेलाच नाही आणि तरी बास्केट?

"थांब, थांब," नायडू म्हणाला. "अंधारात तिले काय दिसत होतं? रिंग कुठं, हात कुठं! चुकून लागला. असा गुन्हा धरता नाही येत."

"नियमात 'चुकून' हा शब्द नाही."

"अंधार हाबी शब्द नाही! दिवे गेले, खेळ थांबला. थांबलेल्या खेळात नियम कुठला तोडते ती?"

"चेंडू थांबला नव्हता. चेंडू जिवंत, तर त्याच्याभोवतीचे नियमही जिवंत."

"वा रे! पंचानं पाहिलं तेवढंच घडलं म्हणणारा तू! आता न पाहिलेला हात धरून राहिला!"

"आणि ऐकून बास्केट दे म्हणणारा तू आता ऐकलेला हात सोडून राहिलास!"

दोघेही थबकले. आपण एकमेकांची जागा घेतली आहे हे एकाच वेळी दोघांच्या ध्यानात आलं. नायडू खो खो हसत सुटला, सरांना ठसका लागला. सौजन्याने पाणी आणलं. वडील इतके भांडताना तिने पाहिले होते, पण असे आनंदाने भांडताना कधीच नाही. वाद पुढे दुपारभर चालला. त्यात आर्वीची फांदी आली, चंद्रपूरचा बूट आला. चहा तीनदा आला आणि तीनदा थंड झाला.

शेवटी नायडू म्हणाला, "मुख्य पंच तू होता. त्या कलमाखाली निर्णय तुलेच द्यावा लागते. बोल."

सर खुर्चीत ताठ बसले. मग म्हणाले, "अंधार दोन्ही संघांना सारखाच होता. त्यात कुणाचा दोष नाही. पण छायाने चेंडू फेकला होता, आता तिच्या हातात काही नव्हतं. तो रिंगवर फिरत होता. आत पडला असता किंवा बाहेर पडला असता, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. हात एकाच बाजूचा आला. बास्केट धरला."

नायडूने मान डोलावली. "आता बरोबर बोलला."

सरांनी तिथूनच संघटनेच्या सचिवांना फोन लावला. पलीकडचा माणूस तरुण आणि घाईत होता.

"म्हणजे सर, चेंडू गेला नाही, पण बास्केट आहे? हे समारंभात कसं सांगायचं? मला होय किंवा नाही एवढंच द्या ना. होय असेल तर विजेता बदलून टाकतो, वर्धा."

"तसं नाही बदलता येणार. बास्केट धरला तर वर्धा एका गुणाने पुढे जातो. पण तीन सेकंद उरतात, आणि चेंडू नागपूरकडे. त्या तीन सेकंदांत काय झालं असतं ते कुठल्याच टेपमध्ये नाही."

"मग नोंद काय करू?"

"सामना अपूर्ण."

मग सचिव म्हणाले, असा रकानाच आमच्याकडे नाही. सर म्हणाले, "मग तयार करा," आणि त्यांनी फोन ठेवला.

राहिली छाया थूल. तिला हे कुणी सांगायचं यावर वाद झाला नाही. दोन दिवसांनी सौजन्याची गाडी दोघांना घेऊन वर्ध्याला निघाली. गाडीला चालक नव्हता. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून नायडू सारखा म्हणत होता, "शिवी कोनाले द्यायची मंग?" बुटीबोरीला टपरीच्या जागी गाड्या चार्ज करायचा मोठा तळ झाला होता. दोघांनी तिथेही चहा घेतला, यंत्रातून आलेला. कुणीच त्याला चांगला म्हटलं नाही, पण गाडी सुरू करायची घाईही कुणी केली नाही.

छाया थूल वर्ध्याच्या एका शाळेतून खेळाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती, पण शाळेमागचं कोर्ट तिने सोडलं नव्हतं. ते पोचले तेव्हा संध्याकाळचं पिवळं ऊन कोर्टावर आडवं पडलं होतं. दहा-बारा मुलींना ती पळवत होती. साठीला टेकलेली, गुडघ्याला पट्टा, केस अजून घट्ट बांधलेले. दोन म्हाताऱ्यांना फाटकातून येताना पाहून तिने क्षणभर डोळे बारीक केले.

"लोणारे सर? आणि नायडू सर! दोघं एका जागी? बापा, काय घडलं असं?"

कडेच्या बाकावर बसून सरांनी सगळं सांगितलं. टेप, हॉल, शिट्टी, हात. मुली लांबून बघत होत्या.

"म्हणजे बॉल गेला नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

तिने मान हलवली. "मला वाटायचं गेला असेल. कधी वाटायचं नसेल. माझ्या डोळ्यांपुढे तो अजून वरच आहे सर. हातातून सुटलेला दिसतो, फिरतानाबी दिसतो. खाली येताना कधी दिसला नाही." ती कोर्टाकडे बघत राहिली. "राज्याच्या संघात गेली असती का, नसती का, ते सोडून दिलं मी. या पोरी आहेत, चांगलं चाललं. पण तो बॉल काही खाली येत नव्हता."

"छाया," नायडू म्हणाला, "बॉल बाहेर पडला. पण बास्केट आहे. यानं दिला."

"दिला?"

"दिला," सर म्हणाले. "मुख्य पंच म्हणून. नोंदीत बदल होईल न होईल, माझा निर्णय झाला."

ती थोडी हसली. मग उभी राहिली आणि गुडघ्याचा पट्टा नीट करत म्हणाली, "असं बाकावर बसून निर्णय देतात का सर? खेळाडूला दिसायला पाहिजे."

नायडूच्या खांद्याचा आधार घेऊन सर उठले. तिघे कोर्टावर गेले. मुली बाजूला सरल्या. नायडू न सांगता बास्केटखाली जाऊन उभा राहिला, मान थोडी वर करून. सर आपल्या जुन्या जागी, रेषेच्या किंचित आत. छाया कोपऱ्यात गेली. तिने चेंडू घेतला नाही, उडीही मारली नाही. नुसती उभी राहिली, सरांकडे बघत.

लोणारे सरांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला, दोन बोटं ताठ केली, आणि मनगट एकदा ठामपणे खाली झुकवलं. दोन गुण. बास्केट धरला.

बास्केट मिळाला की चांगला खेळाडू नाचत बसत नाही. छाया थूलने एक क्षण ती दोन बोटं पाहिली, आणि वळून पळत सुटली. गुडघा लंगडत होता, तरी ती मधली रेषा ओलांडून थेट आपल्या बास्केटपाशी गेली, हात पसरून वाकून उभी राहिली आणि घसा ताणून ओरडली, "रंजना, मधे ये! कांता, तुझी ती उंच पोरगी, सोडू नको तिला! तीन सेकंद आहेत गं, तीनच!"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्यात रंजना कुणी नव्हती, कांताही नव्हती.

नायडूने मात्र कुणाकडे पाहिलं नाही. खेळ ज्या दिशेला गेला त्या दिशेला तो कडेच्या रेषेवरून, पंच चालतो तसा, तिरक्या पावलांनी चालायला लागला. आणि दुसऱ्या बाजूने लोणारे सरही निघाले.